सात राज्यं, आठ महिने आणि आमचे अकरा दिवस

बाबांच्या कपाटात लाकडी मुठीचा एक शिक्का आहे. आजोबांचा. ते कोल्हापूर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्यानंतर तो शिक्का कुठल्याही कागदावर उमटला नाही. बाबा पुढे शाळेत इतिहास शिकवू लागले. विलीनीकरणाचा धडा आला की पुस्तकात नसलेला एक नकाशा ते फळ्यावर काढायचे, इंडोनेशियाचा. "आपल्याकडे पाचशेवर संस्थानं मिटून एक देश होत होता, त्याच वर्षी समुद्रापलीकडे काय चाललं होतं ते बघा," म्हणायचे. मीही त्याच वर्गात बसलेली. बाबांना चौऱ्याहत्तरावं लागलं तेव्हा म्हटलं, बाबा, फळ्यावरचा नकाशा आता पायाखाली घालू या.

थोडक्यात गोष्ट अशी. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हत्ता या नेत्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांना ते मान्य नव्हतं. पुढची चार वर्षं कधी लढाई, कधी वाटाघाटी, असं चालू राहिलं आणि त्या काळात डचांनी आपल्या ताब्यातल्या मुलखात एकेक राज्य उभं केलं. २७ डिसेंबर १९४९ ला सत्तांतर झालं तेव्हा जो देश जन्मला तो 'रिपुब्लिक इंडोनेशिया सेरिकात' होता, इंडोनेशियाचं संघराज्य. त्यात सात राज्यं आणि नऊ स्वायत्त प्रदेश. सात राज्यं म्हणजे योग्यकार्ता राजधानी असलेलं मूळ प्रजासत्ताक, पासुंदान, पूर्व जावा, मादुरा, पूर्व सुमात्रा, दक्षिण सुमात्रा आणि पूर्व इंडोनेशिया. १७ ऑगस्ट १९५० ला हे सगळं विसर्जित होऊन एकच एकसंध प्रजासत्ताक झालं. पुरते आठ महिनेही भरले नाहीत.

सुमात्रातली दोन आम्ही सोडून दिली, बाबांच्या गुडघ्यांकडे पाहून. उरलेली पाच सप्टेंबरमध्ये पाहिली.

दिवस पहिला : जकार्ता

विमान, व्हिसा, टॅक्सी, सगळं सुरळीत. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते.

संध्याकाळी मेर्देका राजवाड्यासमोर गेलो. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच पाहायचा. पांढरे खांब, हिरवळ, पहारेकरी. २७ डिसेंबरला एकाच दिवशी दोन समारंभ झाले. अॅमस्टरडॅममध्ये राणी ज्युलियानाने हत्तांच्या उपस्थितीत सही केली आणि इथे, या इमारतीत, योग्यकार्ताच्या नवव्या सुलतानाने संघराज्याच्या वतीने सत्ता स्वीकारली. डचांचा झेंडा उतरला, लाल-पांढरा चढला आणि बाहेरची गर्दी 'मेर्देका, मेर्देका' ओरडत राहिली. राजवाड्याला नाव पडलं ते त्यावरून. मेर्देका म्हणजे स्वतंत्र.

तिथून मेंतेंगमधल्या जालान सुराबाया या जुन्या वस्तूंच्या बाजारात. ओळीने टपऱ्या, त्यात पितळी दिवे, जहाजांची सुकाणू, बाहुल्या. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे नोटांचा अल्बम होता. बाबांनी 'सेरिकात' हा एकच शब्द उच्चारला आणि त्याने थेट मागचं पान उघडलं. पाच रुपियाची नोट, सुकार्नोंचा चेहरा, तारीख १ जानेवारी १९५०, वर संघराज्याचं पूर्ण नाव. शेजारच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात डच काळातली एक नोट होती, पण अर्धीच, मधोमध कात्रीने सरळ कापलेली.

ती अर्धी नोट मला आधी फाटकी वाटली. बाबांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. मार्च १९५० मध्ये संघराज्याचे अर्थमंत्री शफरुद्दीन प्रविरानेगारा यांनी हुकूम काढला होता की अडीच गुल्डनहून मोठ्या डच नोटा लोकांनी स्वतःच्या हाताने मधोमध कापायच्या. डावा तुकडा निम्म्या किमतीला चालणार, उजवा तुकडा दिला की सरकारी कर्जरोखा मिळणार. देशभर घराघरांत लोक कात्री घेऊन बसले असतील. आपल्या हाताने आपली कमाई कापायची! खजिना रिकामा, वर डचांच्या काळातलं कर्जही वाटाघाटींत गळ्यात पडलेलं. नव्या राज्याची ही सुरुवात होती.

बाबांनी संघराज्याची नोट घेतली. कापलेली नको म्हणाले.

(पैशांची सवय व्हायला दोन दिवस जातात. बोलताना लोक शेवटची तीन शून्यं गाळतात. 'पन्नास' म्हटलं तर पन्नास हजार समजायचं.)

दिवस दुसरा आणि तिसरा : बांडुंग, म्हणजे पासुंदान

जकार्ताहून बांडुंगला २०२३ पासून अतिवेगवान गाडी आहे. आम्ही मुद्दाम जुनी, तीनेक तासांची गाडी धरली आणि ते फार बरं झालं. पुरवाकार्ता सोडल्यावर घाट लागतो, खाली भाताच्या पायऱ्या, मध्येच दरीवर उंच लोखंडी पूल. चिकुबांगचा पूल सुमारे ३०० मीटर लांब आणि ८० मीटर उंच आहे. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते, बोरघाटात बसतात तसे. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना दऱ्या येतात, त्यामुळे खिडकी मिळाली की झालं.

बांडुंग सुंदा लोकांचं शहर. इथे आभार 'तेरिमा कासिह' म्हणून मानले तरी चालतं, पण 'हातुर नुहुन' म्हटलं की समोरचा माणूस खुलतो. सकाळी हॉटेलच्या गल्लीत एक बाई सुराबी करत होती. तिला तिथे सगळे 'तेतेह' म्हणतात, मोठी बहीण. मीही म्हटलं. मातीच्या तव्या एका ओळीत चुलीवर, खाली लाकूड धगधगतंय. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध यांचं पातळसर मिश्रण ओतायचं, मातीचं झाकण घालायचं आणि थांबायचं. ती झाकण मध्ये उघडत नव्हती. वास बदलला की समजतं, म्हणाली. खालची बाजू खमंग, थोडी करपलेली, वरची लुसलुशीत, जाळीदार. वर पातळ गुळाचा पाक. आमच्या घरच्या आंबोळीची ही सख्खी बहीण. साखरेला इथे 'गुला' म्हणतात आणि त्यात आपला गूळ ऐकू येतो. बाबांनी त्या दिवशी असे शब्द वहीत लिहायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत. काचेला 'काचा', नवऱ्याला 'सुआमी', दुःखाला 'दुका'.

आता पासुंदानकडे. डचांनी १९४८ मध्ये पश्चिम जावात हे राज्य उभं केलं आणि प्रमुख केलं विरानाताकुसुमा यांना. घटकराज्याच्या अशा प्रमुखाला 'वाली नेगारा' म्हणत. हे बांडुंगचे जुने, खानदानी सरदार, पण १९४५ च्या पहिल्या प्रजासत्ताक मंत्रिमंडळात गृहमंत्री तेच होते. या राज्यांना पुस्तकं एका शब्दात 'बाहुली राज्यं' म्हणून मोकळी होतात, आणि मीही तसंच समजत आले होते. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. १९ डिसेंबर १९४८ ला डचांनी योग्यकार्तावर हल्ला केला, सुकार्नो-हत्तांना पकडलं, तेव्हा पासुंदानचं मंत्रिमंडळ निषेध म्हणून राजीनामा देऊन मोकळं झालं. पूर्व इंडोनेशियाच्या मंत्रिमंडळानेही तेच केलं. "बाहुली असं करत नाही," बाबा म्हणाले. ही गोष्ट मला सहलभर पुरली.

पण ज्या हातांनी हे राज्य जन्माला घातलं त्याच बाजूच्या एका माणसाने ते बुडवलं. जालान लेंबोंगवर सिलिवांगी डिव्हिजनचं लष्करी संग्रहालय आहे. २३ जानेवारी १९५० ला डच सैन्यातला माजी कॅप्टन रेमंड वेस्टरलिंग याच्या माणसांनी बांडुंगवर हल्ला केला, दिसेल त्या इंडोनेशियन सैनिकाला गोळ्या घातल्या. 'आप्रा' म्हणतात त्यांच्या टोळीला, 'न्यायी राजाचं सैन्य' अशा अर्थाचं नाव. याच इमारतीत लेफ्टनंट कर्नल लेंबोंग मारले गेले, रस्त्याला नाव त्यांचं. हेतू संघराज्य वाचवण्याचा होता म्हणे. झालं उलटं. त्यानंतर पासुंदान हवं असं उघडपणे म्हणायला कोणी धजावेना आणि काही आठवड्यांत ते प्रजासत्ताकात विरून गेलं.

आम्ही संग्रहालयात शिरलो तेव्हा शाळेची सहल आली होती. पोरं रणगाड्यावर चढून फोटो काढत होती. बाबांनी त्यांच्या शिक्षकांना हातवाऱ्यांनी आणि फोनमधल्या भाषांतराने विचारलं, तुम्ही पासुंदानबद्दल काय शिकवता? त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन ओळी. मग दोघेही शिक्षक एकमेकांकडे पाहून मान हलवत राहिले.

गेदुंग मेर्देका, जिथे १९५५ ची आशियाई-आफ्रिकी परिषद झाली, ती सगळे भारतीय पाहतातच. नेहरूंचे फोटो जागोजागी आहेत. तासभर राखून ठेवा. दुपारी चारनंतर आम्हाला दोन्ही दिवस पाऊस लागला, छत्री लागतेच.

दिवस चौथा आणि पाचवा : योग्यकार्ता

इथे आम्ही सगळ्यात जास्त रमलो, त्यामुळे सविस्तर.

आधी खाणं. इथला 'गुदेग' म्हणजे कच्च्या फणसाची भाजी, पण आपल्या फणसाच्या भाजीशी तिची तुलना करू नका. नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून कित्येक तास मंद आचेवर शिजते, सागाच्या पानांमुळे तांबूस तपकिरी होते आणि गोड लागते. पहाटे बायका फुटपाथवर मोठी भांडी घेऊन बसतात. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, सोबत 'क्रेचेक' म्हणून लाल रस्सा वाढतात, त्यात जनावराची कातडी असते. आणि जवळपास प्रत्येक सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, 'तेरासी', म्हणजे आंबवलेली कोळंबीची गोळी. 'तानपा तेरासी', तेरासीशिवाय, हे दोन शब्द मी दिवसाला दहा वेळा म्हणत होते. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र सगळीकडे आणि उत्तम.

सुलतानाचा वाडा, म्हणजे क्रातोन, सकाळी उघडतो आणि दुपारी लवकर मिटतो, त्यामुळे सकाळीच गेलो. उत्तरेकडे उंचवट्यावर 'सिती हिंग्गिल' आहे, शब्दशः उंच भूमी. १७ डिसेंबर १९४९ ला सुकार्नोंनी संघराज्याचे अध्यक्ष म्हणून इथेच शपथ घेतली. नक्षीदार खांबांचा मोकळा मंडप, वारा आरपार. दोन दिवसांनी, १९ डिसेंबरला, गाजा मादा विद्यापीठ स्थापन झालं आणि सुरुवातीचे वर्ग याच आवारात भरले. तारीख सहज निवडलेली नव्हती, डच हल्ल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होतं.

वाड्यातल्या सेवेकऱ्यांना 'आब्दी दालेम' म्हणतात. उभ्या रेघांचं गडद जाकीट, डोक्याला बातिकचं फडकं, कमरेला मागे खोचलेला क्रिस म्हणजे खंजीर, पाय अनवाणी. सावलीत मांडी घालून बसलेले एक आजोबा बाबांकडे पाहून सरकले आणि बाजूची जागा त्यांनी हाताने झाडली. बाबा गुडघे सांभाळत खाली बसले. 'पाक', 'पाक' असं दोघेही एकमेकांना म्हणत होते. इथे वयस्क पुरुषाला हीच हाक. मी फोन मध्ये धरून भाषांतर करत होते.

बाबांनी सांगितलं, माझे वडीलही दरबारात होते. आजोबांनी विचारलं, कुठल्या सुलतानाच्या? मग कोल्हापूर, छत्रपती, महसूल खातं, शिक्का, सगळं झालं. ते स्वतः तीसेक वर्षं वाड्यात होते. पगार नावापुरता, घर चालायचं ते भातशेतीवर. मग कशाला येता? तर 'बेर्काह'. बाबांनी तो शब्द ओळखला, आपल्याकडचा 'बरकत' तो हाच.

मग त्यांनी असं काही विचारलं की बाबा गप्प झाले. "तुमचा राजा राज्य करत नाही, मग दरबार कशाला उरेल? आमचा सुलतान गव्हर्नर आहे." खरंच आहे ते. प्रजासत्ताक अडचणीत असताना नवव्या सुलतानाने आपलं शहर राजधानीसाठी दिलं, सत्ता स्वीकारायला तोच गेला, आणि बदल्यात योग्यकार्ताला विशेष दर्जा मिळाला. आज २०१२ च्या कायद्याने गव्हर्नरपद सुलतानाकडेच आहे. पंधरा राज्यं आणि प्रदेश नकाशावरून पुसले गेले, आणि ज्या प्रजासत्ताकाने ते पुसले त्याच्या राजधानीत मात्र एक राजा अजून बसलेला आहे. संघराज्याच्या काळात हे प्रजासत्ताक स्वतः फक्त एक घटकराज्य होतं, त्याला आसाआत नावाचे वेगळे हंगामी अध्यक्ष होते. पण लोकांच्या मनात देश म्हणजे हेच होतं. बाकीच्यांना तो मान कधी मिळाला नाही.

निघताना आजोबांनी बाबांच्या दोन्ही हातांना हात लावून ते छातीशी नेले.

दिवस सहावा : सुराबाया, पूर्व जावा

गाडीने चार तास. उतरल्यावर उकाडा असा की चष्म्यावर वाफ.

पूर्व जावा हे राज्य २६ नोव्हेंबर १९४८ चं, सगळ्यात धाकटं, आणि मावळणाऱ्यांत आधीच्यांपैकी एक. त्याची एकही खूण आम्हाला दिसली नाही आणि सुराबायात ती दिसणारही नाही. हे शहर दुसऱ्याच गोष्टीवर जगतं, नोव्हेंबर १९४५ च्या लढाईवर. १० नोव्हेंबर आजही देशभर वीरदिन म्हणून पाळतात.

त्या लढाईत आपले लोक होते, हे मला जाण्याआधी माहीत नव्हतं. जपान शरण आल्यावर इंग्रजांनी इथे जी ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरवली तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. बेळगावात भरती झालेले, सातारा-कोल्हापूर-कोकणातले. त्यांचा ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला लाल पुलाजवळ मारला गेला आणि मग इंग्रजांनी शहर बॉम्बफेकीने भाजून काढलं. आपला स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात असताना ही पोरं दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला पाठवली गेली. काही भारतीय सैनिक पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेले, हेही खरं.

लाल पूल आता लाल कठड्यांचा साधा रहदारीचा पूल आहे. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. रिक्षावाल्याने "इंदिया?" विचारलं, बाबांनी हो म्हटलं, तो हसला आणि "शाहरुख खान" म्हणाला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला.

जेवायला 'पेचेल सेमांग्गी'. पाण्यातल्या चार पाकळ्यांच्या पानांची भाजी, वर रताळं आणि शेंगदाण्याची दाट चटणी, केळीच्या पानाच्या द्रोणात. मोठी कुरकुरीत पापडी चमचा म्हणून वापरायची. शाकाहारी असाल तर 'पेतिस', म्हणजे कोळंबीचा काळा पाक, नको म्हणून आधीच सांगा.

दिवस सातवा : मादुरा

सुराबायाहून मादुरा बेटाला जोडणारा सुरामादू पूल साडेपाच किलोमीटरला थोडा कमी, २००९ चा. आता टोल नाही. गाडी दिवसभरासाठी ठरवली, तेच सोयीचं.

पूल उतरला की मुलूख बदलतो. जमीन पांढरट, कोरडी. दक्षिण किनाऱ्याने सांपांगच्या पुढे गेलो आणि बाबांनी गाडी थांबवायला लावली. मिठागरं! पेण-उरणच्या वाटेवर असतात तशीच, चौकोनी वाफे, मध्ये बांध, पाणी वर चढवायला लाकडी पात्यांच्या छोट्या पवनचक्क्या करकरत होत्या. काही वाफ्यांच्या तळाला काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्याने मीठ पांढरंशुभ्र निघतं. एक जोडपं लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून ढीग करत होतं. त्या बाईने मूठभर मीठ माझ्या तळव्यावर ठेवलं. गरम होतं, उन्हात तापलेलं, आणि खड्यांच्या कडा बोटांना टोचत होत्या. भाव विचारला तर तिने हात खाली आणून दाखवला, उतरलेला. पावसाळा आला की काम बंद, मग सुराबायात मजुरी.

मादुरा राज्य व्हावं का, यावर इथे जानेवारी १९४८ मध्ये मतदान घेतलं गेलं, डच सैन्य बेटावर असताना. आणि फेब्रुवारीत राज्य झालं, चाक्रानिंग्राट घराण्यातला वाली नेगारा. एवढ्याशा कोरड्या बेटाचं स्वतंत्र राज्य करायचं, हे मला नकाशावर हास्यास्पद वाटायचं. तिथे उभं राहिल्यावर तसं वाटलं नाही. भाषा वेगळी, स्वभाव वेगळा, जावाबद्दल मनात अढी आहे. राज्य मागायला कारण होतंच. पण ते मागितलं यांनी नव्हतं, बंदुकीच्या छायेत विचारलं गेलं होतं, आणि म्हणून १९५० उजाडताच यांनीच मोर्चे काढून ते परत केलं.

बैलांची शर्यत, 'कारापान सापी', आम्हाला मिळाली नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर हंगाम असतो, तारखा आधी विचारून जा. सरावाला निघालेली एक जोडी मात्र वाटेत दिसली. दोन बैलांच्या मागे लाकडी घसरण, तिच्यावर बारा-तेरा वर्षांचं पोर उभं राहणार. मालक बैलाची मान चोळत होता. बाबा गेले, बैलाच्या वशिंडावर हात ठेवला, त्याचे दात पाहिले. मालकाने ओळखलं, हा शेतकऱ्याच्या घरातला आहे.

दिवस आठवा ते दहावा : मकासार आणि मालिनो

सुराबायाहून सुलावेसी बेटावर, दीड तासाचं विमान. मकासारचं घड्याळ जावाच्या एक तास पुढे, हे विसरून आम्ही किल्ल्याच्या दारात मिटायच्या वेळी पोचलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. फोर्ट रॉटरडॅम पाहण्यासारखा आहे. १८२५ ते ३० डचांशी झुंजलेले जावाचे राजपुत्र दिपोनेगोरो अखेरीस इथे कैदेत होते, १८५५ मध्ये याच शहरात गेले.

पूर्व इंडोनेशिया हे सातांतलं मोठं राज्य, बाली, सुलावेसी, मालुकू सगळं त्यात. राजधानी मकासार, अध्यक्ष बालीच्या उबुदचे चोकोर्दा गडे राका सुकावती. त्याची बीजं मालिनोत पडली, जुलै १९४६ च्या परिषदेत. म्हणून मालिनो.

नववा दिवस. मकासारपासून सत्तरेक किलोमीटर, हजार मीटरच्या वर चढायचं. बिलीबिली धरण सोडल्यावर चढ लागला आणि गाडीतून वाफ यायला लागली. चालकाने बॉनेट उघडलं, पाण्याची बाटली शोधली, ती रिकामी होती. समोरच एका काकूंची टपरी. त्यांनी बादली दिली, आम्हाला बाकावर बसवलं आणि बाबांच्या हातात 'तेंतेंग' ठेवलं. ताडगुळात घोटलेले शेंगदाणे, वडी कापून केळीच्या सुक्या पानात. लोणावळ्याची चिक्कीच, जरा मऊ आणि धुरकट वासाची. गाडी थंड होईपर्यंत पाऊण तास गेला. काकूंना मालिनो परिषद माहीत होती! पण १९४६ ची नव्हे, २००१ आणि २००२ ची. पोसो आणि मालुकूत ख्रिश्चन-मुस्लिम दंगली भडकल्या होत्या तेव्हा दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांना इथे आणून समेट घडवला, तो मालिनो करार. तेव्हा पोलिसांच्या गाड्यांना मीच चहा दिला, म्हणाल्या. याच मुलखात संघराज्याच्या अखेरच्या महिन्यांत, २५ एप्रिल १९५० ला, मालुकूच्या आंबोनमध्ये वेगळं प्रजासत्ताक पुकारलं गेलं होतं, आणि त्यामागचा सौमोकिल पूर्व इंडोनेशियाचा माजी न्यायमंत्रीच होता.

वर पोचलो तेव्हा धुकं उतरलेलं. पाइनची झाडं, ओली माती, पोरं घोडे फिरवताहेत. थंडी चांगलीच, स्वेटर न्या. चार वाजता दहा पावलांपुढचं दिसेना. व्हान मूक नावाचा डच अधिकारी इथे बेटाबेटांतून माणसं बोलावून राज्यांची मांडणी करत होता, थंड हवेत, चहा पीत. बाबा म्हणाले, महाबळेश्वरात बसून मुंबईचा कारभार करायचे तसं.

दहावा दिवस कठीण गेला. मकासारमध्ये जालान लांगाऊवर '४०,००० बळींचं स्मारक' आहे. डिसेंबर १९४६ मध्ये तोच वेस्टरलिंग, बांडुंगवाला, दक्षिण सुलावेसीत आला. गावं वेढायची, पुरुषांना मैदानात बसवायचं, यादीतल्यांना तिथेच गोळ्या. ४०,००० हा आकडा इतिहासकार मानत नाहीत, पण काही हजार नक्की. नेदरलँड्सने २०१३ मध्ये या हत्यांबद्दल माफी मागितली. आणि २४ डिसेंबर १९४६ ला, हे सत्र चालू असतानाच, बालीतल्या देनपासारला परिषद भरवून पूर्व इंडोनेशिया राज्य जाहीर झालं होतं. एकाच महिन्यात, एकाच मुलखात. तारखा मी आधीही वाचल्या होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर. भिंतीवरच्या शिल्पात एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आहे. संघराज्य ही कल्पना वाईट नव्हती, इतक्या बेटांच्या, इतक्या भाषांच्या देशाला ती शोभली असती, असं मला आजही मनापासून वाटतं. पण ज्या बाईच्या मांडीवर ते डोकं होतं तिला ती कल्पना कोण पटवून देणार होतं?

५ एप्रिल १९५० ला याच शहरात कॅप्टन आंडी अझीझ याने संघराज्याचं सैन्य उतरू नये म्हणून बंड केलं, ते फसलं, आणि पूर्व इंडोनेशियाची उरलीसुरली पत गेली. १९ मेला एकीकरणाचा करार झाला.

संध्याकाळी लोसारीच्या किनाऱ्यावर. दिवसभराचा उकाडा ओसरला होता. हातगाड्यांवर 'पिसांग एपे', कच्चट केळं निखाऱ्यावर भाजायचं, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटं करायचं, पुन्हा भाजायचं, वर ताडगुळाचा पाक. करणारी मुलगी पंचविशीची असेल. तिला थोडं इंग्रजी येत होतं. कुठे कुठे फिरलात विचारलं, बाबांनी सगळं सांगितलं, पूर्व इंडोनेशिया राज्य, त्याची राजधानी इथेच होती. तिने ऐकलं नव्हतं. मग आजोबांचं, कोल्हापूरचं सांगितलं. फळी दाबता दाबता ती थांबली.

"राज्य गेल्यावर तुमच्या वडिलांना पगार कोणी दिला?"

"मुंबई सरकारनं," बाबा म्हणाले. "काम तेच, टेबल तेच. शिक्का नवा आला."

"आणि इथल्या कारकुनांना?"

बाबांना सांगता आलं नाही. त्यांनी पाकिटातून ती पाच रुपियाची नोट काढून तिच्यासमोर धरली. मुलीचे हात पाकाने चिकट झाले होते. तिने आधी फडक्याला पुसले, मग पाण्याने धुतले, पुन्हा पुसले, आणि मगच नोट दोन्ही हातांनी घेऊन गाडीवरच्या बल्बखाली धरली. वरचं नाव ती हळूहळू, अक्षर लावून वाचत होती.